राजगिऱ्याचा दाणा आणि आमच्या बाई

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा मेसेज आला आणि गॅदरिंग, सहली, वर्गातली भांडणं सगळं मागे पडलं, आठवल्या त्या फक्त आठवीला सायन्स शिकवणाऱ्या बाई. कुठल्या बाई ते आपल्या शाळेत कुणाला सांगायला नको.

अणूची रचना त्यांनी फळ्यावर शिकवलीच नाही, सगळ्या वर्गाला मैदानावर नेलं. मधोमध कागदावर राजगिऱ्याचा एक दाणा ठेवला, म्हणाल्या हे सोडियमचं केंद्रक, 11 प्रोटॉन आणि 12 न्यूट्रॉन सगळे ह्यातच. मग आम्ही अकरा पोरं इलेक्ट्रॉन. दोघं आतल्या रिंगणात, आठ जण त्याच्या बाहेर आणि मी एकटा पार कुंपणापाशी, कारण अणू केंद्रकाच्या साधारण लाखपट मोठा असतो. मला तिथून दाणा दिसतच नव्हता! बाई ओरडून विचारतायत, मधे काय आहे रे? काहीच नाही बाई! मग तिथेच उन्हात रुदरफोर्ड ह्या शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगितला. सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण, म्हणजे धन प्रभाराचे बारीक वेगवान कण, सोडले तर बहुतेक सगळे आरपार गेले, अगदी मोजके उलटे फिरले, त्यावरून 1911 साली त्याने केंद्रक ओळखलं. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या 1836 पट जड, म्हणजे वजन सगळं दाण्यात आणि केमिस्ट्री सगळी कुंपणापाशी, हे बाईंचं वाक्य. आणि ही रिंगणं बोर ह्या शास्त्रज्ञाच्या 1913 च्या मॉडेलमधली, खरे इलेक्ट्रॉन असे गोल फिरत नाहीत, ते पुढे कॉलेजात शिकाल, हेही तेव्हाच सांगून ठेवलं. आठवीच्या पोरांना इतकं खरं कोण सांगतं हो?

आज मी एका औषध कंपनीची क्यूसी लॅब, म्हणजे औषधांचा दर्जा तपासणारी लॅब, सांभाळतो. फ्लेम फोटोमीटरला, म्हणजे ज्योतीच्या उजेडावरून धातू मोजणाऱ्या यंत्राला, सोडियमचं सॅम्पल लावलं की ज्योत पिवळी होते, तो बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन ज्योतीत वर चढतो आणि खाली येताना 589 नॅनोमीटरचा उजेड सोडतो. नवीन पोरांना हे समजावताना तोंडात बाईंचेच शब्द येतात.

मध्ये शाळेत येऊन गेलो तर अर्ध्या मैदानावर नवी बिल्डिंग. वर्ग छान झालेत, स्मार्ट बोर्डवर इलेक्ट्रॉन फिरतात, पण तिथे केंद्रक आणि इलेक्ट्रॉन वीतभर अंतरावर दिसतात, मधली ती एवढी मोठी पोकळी मुलांना कळणार कशी? फार वाईट वाटलं.

शाळेच्या लॅबसाठी फ्लेम टेस्टचं, म्हणजे ज्योतीच्या रंगावरून धातू ओळखण्याच्या प्रयोगाचं, सगळं सामान, नायक्रोमची तार, मोरचूद, पोटॅशियम क्लोराइड, माझ्याकडून. आणि उरलेल्या मैदानावर आठवीचा तास ठरवा, बाईंना गाडीने घेऊन यायचं काम माझं.