१५० जणांचं जेवण

दुपारी जेवून पुस्तक घेऊन आडवं झालं की माझं काय होतं ते घरात सगळ्यांना माहितीय, त्यात बाहेर बेळगावचा पाऊस. पण रेमार्कचं 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' काढलं आणि झोप उडाली, कारण ही युद्धाची कादंबरी सुरूच होते जेवणापासनं. १९२९ ची जर्मन कादंबरी, पहिलं महायुद्ध, म्हणजे पहिल्या पानापासनं तोफा असणार असं मी धरून चाललेलो, तर सगळी पोरं मांस घातलेला घेवडा हाणून खुशीत बसलेली. डब्बल वाढलेलं. का, तर आचाऱ्यानं १५० जणांचं शिजवलेलं आणि फ्रंटवरनं परत आले ८० च. तो गडी म्हणतो, सगळे आल्याशिवाय वाढणार नाही. पोरं म्हणतात, अरे बाबा आम्हीच सगळे, वाढ.

आमच्या खानापूर बाजूला फौजी नसलेली गल्ली शोधूनच काढावी लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटरच बेळगावात, सकाळी कॅम्पात गेलं की डोक्याचा गोटा केलेले रिक्रूट पळताना दिसतात. माझे काका पण त्यातलेच. सुट्टीवर आले की काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या पेंटनं नाव आणि नंबर, आणि आम्ही पोरं ती उघडायची वाट बघत भोवती. आम्हाला लढाई ऐकायची असायची. काका सांगायचे लंगरचं, म्हणजे फौजेतल्या स्वयंपाकघराचं. कुठल्या युनिटात पुऱ्या कशा फुगायच्या, सियाचिनला अंडं दगडावर आपटलं तरी कसं फुटत नाही. आजी म्हणायची, "एवढं खाऊलालास तर अंगाला का लागंना रे?" मला तर शंका यायची, काकांनी बंदूक तरी हातात धरलीय की नाही.

तर ह्या पुस्तकात पण तेच. काट म्हणून एक चाळिशीचा गडी आहे, त्याला कुठंही सोडा, खायचं शोधून आणणार. तो आणि पाउल, म्हणजे गोष्ट सांगणारा शिपाई, रात्रभर बसून चोरलेलं हंस भाजतात. दुसरीकडं बॉम्ब पडायला लागलेत आणि पाउल बटाट्याची धिरडी काढत चुलीपाशी थांबतो, शेवटचं धिरडं झाल्याशिवाय हलत नाही. मला ते शंभर टक्के पटलं.

घोड्यांचं पान मात्र जेवणानंतर वाचू नये. जखमी घोडे ओरडत राहतात, माणसं कान दाबून बसतात आणि डेटरिंग, जो मूळचा शेतकरी, तो नुसता तडफडतो, अरे गोळ्या घाला की त्यांना. तिथं मला काकांचं एक आठवलं. रेजिमेंटचा जुना इतिहास ते एकदाच बोलले आणि तो पण उपाशी राहण्याचा. मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात, कुत गावाला तुर्कांनी वेढा घातला, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, आत आपल्या मराठा पलटणी पण होत्या. धान्य संपत आलं तसे घोडे कापायला लागले, आणि आपली बरीच माणसं कितीतरी दिवस त्या मांसाला शिवलीच नाहीत. भूक लागलेली असताना. लहानपणी मला ह्यात धर्माचा भाग दिसायचा, आता वाटतं गावाकडं बैलाशी बोलणारी माणसं ती, त्यांचा घास उतरलाच नसणार.

रात्री काकांना फोन केला. १५० आणि ८० चं सांगितलं आणि विचारलं, तुमच्यात कधी असं जेवण उरलं काय?

"उरलं की," म्हणाले, आणि लगेच, "भाताची लावणी झाली काय रे तिकडं?"

आता मॅडमना असाइनमेंट द्यायचीय, कादंबरीतली मुख्य सूत्रं. गाईडात लॉस्ट जनरेशन, म्हणजे युद्धानं वाया गेलेली तरुण पिढी, आहे, युद्धाची निरर्थकता आहे, मैत्री आहे, घेवड्याचं एक अक्षर नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, लिही की, पण मार्क कमी पडले तर माझ्याकडं येऊ नको. बहुतेक लॉस्ट जनरेशनच लिहून टाकणार. त्याचे मुद्दे तयार आहेत, चार पानं सहज होतात.