लिव्हर अडकतो, दोष टायरचा

ट्रॅक्टर टेम्पोत घालून आला. मोहोळकडच्या एका डाळिंब बागायतदाराचा, १८ हॉर्सपॉवरचा, फोर-व्हील ड्राइव्ह (लिव्हर टाकला की पुढच्या चाकांनाही इंजिनची ताकद मिळते), पंधरा वर्षं राबलेला. तक्रार ऐकून कुणालाही गिअरबॉक्सचंच काम वाटावं.

"अण्णा, फोर-व्हीलचा लिव्हर निघंना झालाय. ट्रॅक्टर दोन फूट मागं घेतला की खटकन निघतो. एकानं तर गिअरबॉक्स खोलायला सांगितलाय."

स्टिअरिंग जड, पुढच्या हाऊसिंगमधून (गिअरच्या कवचातून) घरघर, आणि पुढचे टायर सात-आठ महिन्यांत अर्धे घासलेले. मागे घेतल्यावर लिव्हर सुटतो, म्हणजे गिअर एकमेकांवर ताणून बसलेत आणि उलट्या फेऱ्यात तो ताण उतरतो. अशा वेळी पाना हातात घ्यायच्या आधी मी टायरवरचे आकडे वाचतो.

मागे ८.००-१८ (पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचं माप, दोन्ही इंचांत), कंपनीचंच माप. पुढे मात्र ६.००-१२. या ट्रॅक्टरला पुढे ५.००-१२ येतो. रिम दोन्हींना १२ इंचीच लागते, त्यामुळे टायर बिनतक्रार बसतो आणि फसगत तिथेच होते. ५.०० शिल्लक नव्हता म्हणून "रुंद आहे, ओढेल चांगलं" असं सांगून कुणीतरी ६.०० गळ्यात मारला होता. टेप लावला. नवा ५.०० उभा ५८ सेंटिमीटर भरला. हा घासलेला ६.०० अजून ६२.

चार सेंटिमीटरनं काय होतं? टू-व्हील ट्रॅक्टरमध्ये फारसं काही नाही. फोर-व्हीलमध्ये पुढचं आणि मागचं चाक गिअरनं एकमेकांना बांधलेलं असतं. पुढचं चाक मुद्दाम थोडं पुढे धावेल असं ठेवतात, साधारण १ ते ५ टक्के. टायर मोठा झाला की तेवढ्याच फेऱ्यांत तो जास्त अंतर मागतो. भुसभुशीत रानात चाक घसरून हिशेब भागतो. कडक जमिनीवर तो सगळा भार गिअरवर येतो.

मोजायला खर्च नाही. चारही टायरमध्ये पुस्तिकेप्रमाणे हवा, मागच्या आणि पुढच्या चाकावर खडूची रेघ. फोर-व्हील काढून मुरमावर सरळ चालवायचं आणि मागच्या चाकाच्या १० फेऱ्यांत पुढचं किती फिरतं ते मोजायचं. मग फोर-व्हील टाकून तेच. डांबरावर किंवा काँक्रीटवर ही दुसरी फेरी करू नये. इथे काढून १४॥ आणि टाकून १६॥ फेऱ्या आल्या. फरक २, त्याला १४॥ नं भागलं की जवळपास १४ टक्के. गिअरबॉक्स बिचारा निर्दोष होता.

पुढे नवे ५.००-१२ चढवले आणि पुन्हा मोजलं. टाकून तेच १६॥, काढून १५॥, म्हणजे फरक अजून साडेसहा टक्के. आता दोष मागच्या टायरचा. नक्षी पार गोटा झालेली, ९३॥ सेंटिमीटरचा टायर ९० वर आलेला. मालक म्हणाले, "मागचे अजून एक सीझन काढतील की." टू-व्हील असता तर मीही हो म्हटलं असतं. जुन्या फोर-व्हीलला नुसती पुढची जोडी नवी टाकणं म्हणजे अर्धं काम. मागचे नवे बसल्यावर काढून १६ च्या किंचित वर आलं, अडीच टक्के. लिव्हर दोन बोटांनी निघाला.

पुढच्या डिफरन्शियलचं (पुढच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचं) ऑइल काढलं तर ड्रेन नटच्या चुंबकाला लोखंडाची बारीक लव चिकटलेली. तुकडे नव्हते, त्यामुळे खोललं नाही. ऑइल बदललं आणि ५० तासांनी पुन्हा बघायला सांगितलं.

मागच्या टायरच्या ट्यूबमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं होतं. आपल्याकडे गोठायची भीती नाही, साधं पाणी चालतं, व्हॉल्व्ह वर ठेवून पाऊण टायर. पण व्हॉल्व्ह गळका असला की भोकाभोवती रिम आतून गंजते. तो पापुद्रा तारेच्या ब्रशनं काढून, रंग देऊन, वाळवूनच टायर चढवला. नाहीतर नवी ट्यूब महिन्यात कापली जाते. ट्यूबही मापाचीच हवी. ६.०० ची ट्यूब ५.०० मध्ये कोंबली की घडी पडते आणि घडीवरच फाटते. बीड, म्हणजे टायरची रिमवर बसणारी कड, बसवताना साबणाचं पाणी लावायचं आणि ३५ पाउंडांच्या वर जायचं नाही. तेवढ्यात बसलं नाही तर हवा सोडून पुन्हा. नक्षीची दिशाही बघायची: मागे उभं राहून पाहिलं तर नक्षीचं टोक वर हवं.

नट १० तासांनी आवळायला या म्हटलं होतं. ते तिसऱ्या दिवशीच आले, पुढचा उजवा बसलेला. डाळिंबाच्या छाटणीचा काटा. ट्यूबला ठिगळ लावून दुकानातला मुलगा टायर मिटवायला निघाला होता. थांबवलं आणि आतून हात फिरवला. पंक्चर झालेल्या जागेपासून वीतभर अंतरावर दुसरा काटा मोडून रबरात बसला होता, टोक आत जेमतेम तांदळाएवढं. पक्कडीनं ओढला तर पाऊण इंच निघाला.