अझरूच्या जंगलात देवदाराची रोपं शोधताना

मोरोक्कोत फेसला असाल तर आधी बू इनानिया मदरशात जा आणि तिथलं कोरीव लाकूडकाम निवांत बघा. चौदाव्या शतकातलं ते लाकूड ॲटलस देवदाराचं, म्हणजे हिमालयातल्या देवदाराच्या सख्ख्या भावाचं. आम्ही ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी झाड बघायला ॲटलस पर्वतातल्या अझरू गावी निघालो. ऑक्टोबर नुकताच लागला होता.

फेस ते अझरू अंतर साधारण ८० किलोमीटर. सहा प्रवासी भरले की सुटणारी 'ग्रां ताक्सी' मिळते. गावातून जंगलात जायला मात्र वेगळी गाडी करावी लागते. थांबण्याचं आणि परतीचं भाडं निघतानाच ठरवून घ्या, दिऱ्हाम, म्हणजे तिथलं चलन, रोख ठेवा आणि पाणी भरपूर घ्या. झऱ्यांच्या भरवशावर राहू नका. ड्रोन घरीच ठेवा, परवानगीशिवाय तिथे बंदी आहे.

सगळे प्रवासी उतरतात ते 'गुरो देवदारा'पाशी. ते झाड कधीच मेलंय, उरलाय तो सुका बुंधा. भोवती घोडे, दुकानं आणि शेंगदाण्यांची वाट बघणारी बार्बरी माकडं. तिथे दहा मिनिटं पुरेत. माकडांना काहीही देऊ नका, अगदी मुलांनी हट्ट धरला तरी. ही जातही संकटात आहे. ती देवदारांची साल सोलतात म्हणून त्यांना दोष दिला जातो, पण अभ्यासकांनी या सवयीचा संबंध पाणीटंचाईशी जोडलाय. पाणवठ्यांवर कळप आणि राखणीचे कुत्रे असले, की माकडांनी प्यायला जायचं कुठे?

पुढे तासभर चालत गेलात की खरं जंगल लागतं. पायवाटेवर पिवळे परागकण सांडले होते. देवदार शरद ऋतूत फुलतो. शंकू पिकायला दोन वर्षं घेतात आणि झाडावरच सुटे होऊन गळतात. बी रुजतं बर्फ वितळताना, आणि माती सुकायच्या आत मूळ खोल जावं लागतं. बर्फच कमी पडला तर रोप पहिला उन्हाळाही काढत नाही. थोराड झाडंही सुटलेली नाहीत. कित्येकांचे शेंडे वाळून चंदेरी झालेत. १९८० च्या दशकातल्या दुष्काळापासून ही मर चालू आहे, आणि २०१८ नंतर सलग कोरडी वर्षं आली. निसर्ग संवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ मध्येच या झाडाला 'संकटग्रस्त' ठरवलंय.

एका प्रचंड देवदाराखाली आम्ही अर्धा तास रोपं शोधली. एकही नाही. तुडवून कडक झालेली जमीन आणि मेंढ्यांच्या लेंड्या, बस्स. मग तारेचं कुंपण लागलं. आत चराई बंद, आणि तिथे गुडघाभर उंचीची रोपं! मला अक्षरशः हायसं वाटलं.

बाहेर एक मेंढपाळ भेटला. चालकाने दुभाष्याचं काम केलं. गवत नसलं की हिवाळ्यात मेंढ्यांसाठी देवदाराच्या फांद्या तोडाव्या लागतात, हे त्याने न लपवता सांगितलं. २०२५ मध्ये देशातले कळप इतके घटले होते की राजाने ईदला कुर्बानी टाळण्याचं आवाहन केलं. त्या माणसाला मी काय बोलणार? चराईबंदीबद्दल मेंढपाळांच्या संघटनांना भरपाई देण्याची सोय सरकारने केली आहे, आणि मला तीच वाट योग्य वाटते. त्याच्या घरात चूल पेटली तरच कुंपण टिकेल.

रस्त्यावर देवदाराच्या कोरीव वस्तू मिळतात. लाकूड कुठून आलं हे विक्रेत्याला सांगता येत नसेल तर घेऊ नका, चोरटी तोड हाही मोठा प्रश्न आहे. थंडीत जाणार असाल तर बर्फामुळे रस्ता बंद आहे का, ते अझरूतच विचारा. रोपं बघायची असतील तर वसंतात जा. नुकतं उगवलेलं देवदाराचं रोप म्हणजे काडीवर सुयांचा एक झुबका, सहज पायाखाली जाईल एवढा. वाट सोडू नका.