वाटेबाहेरचा बॉस

फायनल फँटसी ५ या व्हिडिओ गेममध्ये शिनर्यू नावाचा ड्रॅगन पेटीत असतो. शेवटच्या डंजनमधली, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या जागेतली पेटी, इतर पेट्यांसारखीच दिसणारी. गेमच्या पहिल्या तासापासून आपण पेट्या उघडत आलेलो असतो, कुठे औषधाची बाटली निघते, कुठे ढाल. त्याच सवयीने हीपण उघडायची, आणि समोर हा लांबलचक ड्रॅगन. तो सुरुवातीलाच ताइडल वेव्ह सोडतो. लाट आपल्या संघातल्या चौघांवर एकदम येते आणि तयारी नसेल तर चौघंही आडवे. आपला टर्न येतच नाही.

आता यावर एक उपाय म्हणजे लेव्हल वाढवत बसणं. दुसरा उपाय म्हणजे कोरल रिंग. ही अंगठी पाण्याचा हल्ला शोषून घेते आणि नुकसान व्हायच्या ऐवजी एचपी, म्हणजे जिवाचे पॉइंट, भरतात. चौघांच्या बोटांत कोरल रिंग असली की तीच लाट आपली प्रकृती सुधारून जाते. शिनर्यूची लढाई त्यानंतरही सोपी होत नाही, पण ती सुरू तरी होते. ताकद तीच, लेव्हल तीच, फक्त एक गोष्ट कळली म्हणून.

मला सुपरबॉस, म्हणजे कथेच्या वाटेबाहेर ठेवलेले मोठे शत्रू, आवडतात ते यासाठी.

मी धरणगावला एका जिनिंगमध्ये हिशेब बघते. दिवाळीच्या आसपास कापसाची आवक सुरू झाली की काट्याच्या पावत्या, गाठींची नोंद, सरकी, ट्रकचं भाडं, मान वर करायला फुरसत नसते. उन्हाळा लागला की काम ओसरतं, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात दुपारी दाराबाहेर पाय टाकायची सोय नाही. तेव्हा मी कूलरसमोर बसून आरपीजी, म्हणजे पात्रं घडवत नेत खेळायचे गेम, खेळते. पूर्वी जुन्या लॅपटॉपवर खेळायचे, मग मोबाईलवर, आता सीझनचे पैसे साठवून घेतलेल्या प्लेस्टेशनवर. सोबत लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही असते. मोठ्या बॉसला त्यात स्वतंत्र पान. डाव्या बाजूला तो काय करतो, उजव्या बाजूला आपण काय करायचं. शिनर्यूच्या पानावर उजवीकडे पहिली ओळ कोरल रिंगची आहे आणि तिच्याखाली दोन रेघा मारलेल्या आहेत.

कथेतला बॉस आणि हा बाहेरचा बॉस यांत एक मोठा फरक असतो आणि तो बनवणाऱ्याच्या बाजूने बघितला की लगेच कळतो. कथेतला बॉस पडलाच पाहिजे. तो पडला नाही तर पुढचं गाव नाही, पुढचा प्रवेश नाही, पैसे देऊन गेम घेतलेला माणूस अर्ध्यात अडकून बसणार. म्हणून त्याला कितीही भयानक दाखवलं तरी आतून तो सगळ्यांना जमेल असाच ठेवावा लागतो. सुपरबॉसला ही अट नाही. त्याला कुणी हरवलं नाही तरी जग वाचतं, शेवटची नावं पडद्यावर येतात, सगळं पार पडतं. म्हणून तिथे बनवणारा मोकळा होतो आणि अख्ख्या गेममध्ये शिकवलेलं तुम्हाला खरंच कळलंय का, ते विचारतो.

याचा पुरावा फायनल फँटसी ७ मध्येच आहे. जानेवारी १९९७ मध्ये जपानमध्ये गेम आला तेव्हा त्यात रुबी वेपन आणि एमरल्ड वेपन हे दोन सुपरबॉस नव्हतेच. त्याच वर्षी अमेरिकेत आवृत्ती निघाली तेव्हा ते घातले, आणि मग जपानमध्ये पुन्हा निघालेल्या इंटरनॅशनल आवृत्तीतही आले. कथेचं एक वाक्य बदलावं लागलं नाही. नसताना गेम पूर्ण होता, आणि आज त्या गेमचं नाव काढलं की जुन्या खेळणाऱ्यांना आधी हेच दोघं आठवतात.

एमरल्डबद्दल मला सविस्तर लिहायचंच आहे, कारण माझ्या मते इतका विचार करून बनवलेला सुपरबॉस फार थोडा सापडतो. तो समुद्राच्या तळाशी फिरत असतो. पाणबुडी मिळाली की आपण खाली जातो आणि तो दिसतो, हिरवा, अवाढव्य, संथपणे इकडून तिकडे जाणारा. त्याला धडकायचं की बाजूने निघून जायचं हे आपल्यावर. धडकलात तर १० लाख एचपी, आणि पाण्याखाली असल्यामुळे वर घड्याळ: २० मिनिटं. घड्याळ नको असेल तर अंडरवॉटर मटेरिया लागतो (मटेरिया म्हणजे शस्त्रात-चिलखतात बसवायचा, ताकद देणारा खडा). तो मिळवायला पाण्याखालच्या बोगद्यात घोस्ट शिप नावाच्या शत्रूला मॉर्फ करून, म्हणजे वस्तूत बदलून, गाइड बुक घ्यायचं आणि काल्म नावाच्या गावातल्या प्रवाशाला नेऊन द्यायचं. इथपर्यंत ठीक आहे. असल्या खटपटी बऱ्याच गेममध्ये असतात.

खरी गोष्ट आहे एअर टॅम स्टॉर्म. एमरल्डचा हा हल्ला तुमचा बचाव बघत नाही, चिलखत बघत नाही. तो मोजतो. ज्याच्या अंगावर जितके मटेरिया, त्याला तितके गुणिले ११११ इतकं नुकसान. माणसाचे एचपी जास्तीत जास्त ९९९९. नऊ मटेरिया लावले असतील तर नऊ गुणिले ११११ बरोबर ९९९९, आणि माणूस गेला. आठ असतील तर ८८८८, आणि पूर्ण एचपी असलेला माणूस ११११ वर उभा राहतो.

हा हिशेब पहिल्यांदा वहीत मांडला तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. कारण बघा, तो पूर्ण गेम तुम्हाला शिकवतो की मटेरिया म्हणजे ताकद. शस्त्रात आठ, चिलखतात आठ, अशा सोळा जागा भरता येतात, आणि चांगला खेळणारा एकही रिकामी ठेवत नाही. सगळ्यात जास्त मेहनत केलेला खेळाडू एमरल्डसमोर सगळ्यात आधी पडतो. मग वहीवर नवी बेरीज सुरू होते. माणशी आठ. त्यात अंडरवॉटर मटेरिया कुणाच्या तरी अंगावर असायलाच हवा, म्हणजे त्याचा एक तिथेच गेला. फायनल अटॅक मटेरियाला फिनिक्स मटेरिया जोडला तर तो लावलेला माणूस पडल्यावर फिनिक्स येऊन पडलेल्यांना उठवतो, पण ते दोन झाले. सगळ्यात मोठा हल्ला देणारा नाइट्स ऑफ द राउंड हवाच. आधीचीच कृती पुन्हा करणारा माइम हवा. उरले किती आणि कशासाठी? सगळ्या गेममध्ये 'अजून काय लावू' असा विचार केलेला असतो, आणि इथे पहिल्यांदाच काय काढू हे ठरवावं लागतं.

मी त्या रात्री जेवायला उठत नव्हते. आई दोनदा हाक मारून गेली आणि तिसऱ्यांदा दारात उभी राहून म्हणाली, "पहिले जेवी ले, मंग खेय." शेवभाजी खाताना मी तिला ११११ चा हिशेब सांगितला. तिने शांतपणे ऐकला आणि विचारलं, "मंग सातच लावाना." सात लावले की खरंच थोडा श्वास मिळतो, आधी मार खाल्लेला असला तरी माणूस उभा राहतो. तिचं बरोबर होतं. माझ्या वहीत एमरल्डच्या पानावर 'माणशी सात' लिहिलंय ते आईचं आहे.

आमच्याकडे गावच्या जत्रेला कुस्त्यांची दंगल असते. आधी पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या होतात, त्या सगळ्यांच्या. नंतर बाहेरगावचा एखादा नावाजलेला पैलवान रिंगणात गोल फिरतो, बक्षिसाची रक्कम पुकारली जाते, आणि ज्याला वाटेल त्याने पुढे येऊन हात मिळवायचा. कुणी आलं नाही तरी जत्रा होतेच. पण त्या वेळी गर्दीत जी शांतता पसरते ती नारळाच्या कुस्तीला नसते, कारण पुढे येणारा स्वतःहून आलेला असतो. समुद्रतळाशी फिरणारा एमरल्ड, वाळवंटात अर्धा वर निघालेला रुबी, फायनल फँटसी ५ च्या त्याच शेवटच्या डंजनमध्ये आपल्याच तंद्रीत चालणारा ओमेगा, हे सगळे मला त्या पैलवानासारखे वाटतात. ते तुमच्या मागे लागत नाहीत.

बक्षिसाचं मात्र मला फारसं महत्त्व वाटत नाही. रुबीला हरवलं की डेझर्ट रोझ मिळतो, त्याच्या बदल्यात सोनेरी चोकोबो. एमरल्डकडून अर्थ हार्प, त्याच्या बदल्यात मास्टर मटेरिया. पण तोवर गेममध्ये ते वापरायला मोठा शत्रूच उरलेला नसतो. ओमेगाकडून पदक मिळतं, आणि ते पदक कशालाच उपयोगी पडत नाही, फक्त हरवल्याची खूण म्हणून सामानात राहतं. मला ते सगळ्यात प्रामाणिक बक्षीस वाटतं.

सगळेच सुपरबॉस चांगले असतात असं मी म्हणणार नाही. फायनल फँटसी १२ मधला याझमॅट घ्या. २००६ चा गेम, आणि त्याचे एचपी ५ कोटींच्या वर. प्लेस्टेशन २ वरच्या मूळ आवृत्तीत एका फटक्याला ९९९९ पेक्षा जास्त नुकसान होत नव्हतं. भागाकार करा: प्रत्येक फटका पूर्ण बसला तरी पाच हजारांवर फटके. लढाई इतकी लांबते की मध्येच बाहेर पडून सेव्ह करून परत यायची मुभा ठेवावी लागली. लाईट कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात ती मुभा किती मोलाची हे मला कुणी सांगायला नको, पण जी लढाई सोडून जाऊन जेवून परत येता येतं तिच्यात पहिल्या अर्ध्या तासानंतर विचारण्यासारखं काय उरतं? २०१७ च्या द झोडिॲक एज आवृत्तीत ९९९९ ची मर्यादा नाही आणि खेळाचा वेग वाढवायची सोय आहे, तिथे तो बरा झाला. आकडा मोठा केला की बॉस अवघड होत नाही, लांब होतो. माझ्या वहीत याझमॅटचं पान अर्धं कोरं आहे, कारण लिहिण्यासारखं तेवढंच निघालं.

या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ताई माहेरी आली आणि भाचा सोबत होता. घरात सगळे आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या खाऊन पुढच्या खोलीत पत्त्यांना बसले, आखाजीचे पत्ते म्हणजे संध्याकाळपर्यंत उठायचं नाव नाही. आम्ही दोघं मागच्या खोलीत एल्डन रिंग हा गेम घेऊन बसलो. तो त्यातल्या मलेनिया या सुपरबॉसला भिडलेला होता.

मलेनियापर्यंत पोचणंच आधी वाटेबाहेरचं आहे. हॅलिगट्री नावाच्या झाडाच्या गुप्त पदकाचे दोन अर्धे दोन वेगळ्या ठिकाणांहून आणायचे, लिफ्टने वेगळ्या बर्फाळ मुलखात जायचं, तिथून झाडात, झाडाच्या मुळाशी ती. न जाता गेम संपवता येतो. आणि ती काय करते? तिचा वार तुम्हाला लागला की तिचे एचपी भरतात. ढालीवर घेतला तरी भरतात. इतर बॉसपुढे ढालीमागे दबून, हळूहळू पोखरत जिंकणारा खेळाडू इथे तिलाच पोसत राहतो. भाच्याची सवय नेमकी तीच, मोठी ढाल आणि भाला. तिसऱ्या की चौथ्या फेरीला त्याने स्वतःच कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाला, "मावशी, ढालच काढायला लागेल गं." मी त्याला एमरल्डचं पान उघडून दाखवलं. २५ वर्षांचं अंतर असलेले दोन गेम, एकात बटणं दाबायची घाई नाही आणि दुसऱ्यात क्षणाचा उशीर चालत नाही, तरी प्रश्न एकच: ज्याच्या जिवावर इथवर आलात ते बाजूला ठेवता येतं का?

मलेनियामुळे आणखी एक गोष्ट घडली, ती मला त्या गेमइतकीच आवडते. २०२२ मध्ये 'लेट मी सोलो हर' या नावाने एक खेळाडू लोकांच्या मदतीला यायला लागला. डोक्यावर मडकं, कमरेला लंगोट, दोन हातांत दोन कटाना तलवारी, बाकी अंगावर काही नाही. मलेनियाशी अडलेल्याने त्याला बोलवायचं आणि बाजूला उभं राहायचं, तो एकटा लढणार. त्याने तिला हजाराहून जास्त वेळा हरवलं. स्वतःचं केव्हाच झालेलं होतं, हे सगळं दुसऱ्यांसाठी. गेम काढणाऱ्या बांदाई नामकोने नंतर त्याला खरी तलवार भेट पाठवली. कथेतल्या बॉसभोवती असा माणूस तयार झाला असता असं मला वाटत नाही. जिथे जायची सक्ती नाही तिथे अडलेला माणूस मनापासून अडलेला असतो, आणि त्याला हात द्यायला येणाराही तसाच येतो.

सध्या आमचं भांडण सायमनवरून चाललंय. क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३ हा २०२५ चा फ्रेंच गेम. त्यात रेन्वारचे ड्राफ्ट्स नावाच्या जागेत अगदी तळाला सायमन हा सुपरबॉस आहे. टर्नवर चालणारी लढाई, पण शत्रूचा वार येताना नेमक्या क्षणी बटण दाबून तो पॅरी करता, म्हणजे परतवता, येतो. सायमनसमोर आपला माणूस पडला की तो त्याला पुसूनच टाकतो, मग उठवायला कुणी नाही. भाच्याने पिक्टो (पात्राला खास क्षमता देणाऱ्या वस्तू) आणि शस्त्रं अशी जुळवली की नुकसानीचा आकडा पडद्यावर मावेना, आणि सायमनला त्याची तलवार उचलू न देता संपवला. फोनवर सांगत होता तेव्हा आवाज फुटत होता आनंदाने. ताई म्हणते, ही काय लढाई झाली का. मी भाच्याच्या बाजूने आहे. त्या जुळवणीमागे त्याने जी बेरीज केली ती मी कागदावर बघितली आहे, एकेक पिक्टो का घेतला याचं कारण त्याच्याकडे आहे, आणि तो गेम तुम्हाला ९९९९ ची मर्यादा मोडायची परवानगी स्वतःहून देतो. उत्तर शोधून आणलंय त्याने, ढापलेलं नाही.

मी मात्र दुसऱ्या बाजूने निघाले आहे. त्याची जुळवणी वापरायची नाही, सायमनचा प्रत्येक वार बघायचा. त्याच्या सलग वारांच्या लांब कॉम्बोमध्ये एका जागी तो हात वर नेऊन थांबतो आणि सगळे तिथेच लवकर बटण दाबतात. तेवढा थांबा किती लांब आहे हे अजून हाताला कळायचंय. वहीत त्याचं डावं पान भरलं आहे, उजवं निम्मं. इन्व्हर्टरची बॅटरी मागच्या आठवड्यात नवी टाकून घेतली. कापूस यायच्या आत व्हायला पाहिजे.