पाचवा इस्बिस्टर

आमच्या धंद्यात माणूस मारता यावा लागतो. अर्थात कागदावर. स्कॉटलंडमधल्या घराण्यांची वंशावळ शोधून देणं हे माझं काम. एखाद्या पूर्वजावर बोट ठेवायचं, तर आधी त्याच नावाचे बाकीचे उमेदवार निकालात काढावे लागतात. हा अमुक साली इथेच वारला, तो तमक्या साली शेजारच्या गावात बायकोपोरांसह नांदत होता, म्हणजे समुद्रापार गेलेला तो हे दोघेही नव्हेत. अशिलाला वाटतं आम्ही पूर्वज शोधतो. खरं तर निम्मा वेळ पूर्वज नसलेल्यांवर जातो.

हे प्रकरण कॅनडातून आलं. आडनाव इस्बिस्टर. अशिलाचं स्वतःचं नव्हे, आईकडचं. ऑफिसातल्या सहकाऱ्याने फाइल पुढे सरकवली ती म्हणतच, "दुर्मिळ आडनाव आहे, दोन तासांत होईल." माझे एकोणीस तास गेले आणि काम अजून पुरं झालेलं नाही. दुर्मिळ आडनाव म्हणजे सोपं काम, हा समज या धंद्यातल्या जुन्याजाणत्यांचाही असतो, आणि तो नेमका उलटा आहे. इस्बिस्टर जगात दुर्मिळ असेल. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या ऑर्कनी बेटांवरच्या चार पॅरिशांत (एकेका चर्चच्या हद्दीत) तो ढीगभर आहे.

आधी नाव कुठून आलं ते. ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटं १४६८-६९ पर्यंत नॉर्वेच्या राजाची होती. मुलीच्या हुंड्यापोटी ती स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण पडली आणि कधीच सोडवली गेली नाहीत. तिथली गावनावं त्यामुळे जुन्या नॉर्समधली. त्या भाषेत 'बोल्स्ताद' म्हणजे शेतवाडी. ऑर्कनी-शेटलंडमध्ये झिजून त्याचं 'बिस्टर' झालं, मुख्य भूमीच्या उत्तर टोकाला केथनेसमध्ये 'बस्टर' (लायबस्टर, स्क्रॅबस्टर) आणि पश्चिमेच्या बेटांवर 'बोस्ट'. नकाशावर हे तीन शेवट रंगवले की नॉर्स वस्ती कुठवर पोहोचली होती ते दिसतं. पलीकडच्या गेलिक डोंगराळ मुलखाशी या नावांचा संबंध नाही. अशिलाकडे एका दुकानाने दिलेलं फ्रेममधलं प्रमाणपत्र होतं, त्यात इस्बिस्टरांना एका हायलँड क्लॅनची, म्हणजे डोंगराळ मुलखातल्या कुळाची, पोटशाखा करून टार्टनही (कुळाचं चौकटीचं कापड) बहाल केलं होतं. एडिनबराच्या रॉयल माइल या पर्यटकी रस्त्यावर फिरलेल्याला हा प्रकार नवा नाही. मी त्यावर अहवालात एकच ओळ लिहिली.

तर इस्बिस्टर हे शेताचं नाव, आणि ते शेत एक नाही. ऑर्कनीत बर्सीला एक इस्बिस्टर आहे, रेंडलला एक, साउथ रोनाल्डसीला एक. तिसऱ्या शेतावर १९५८ मध्ये सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी कबर सापडली, म्हणून पर्यटकांना तेवढंच ठाऊक असतं. शेटलंडमध्ये व्हाल्सीला आणि नॉर्थ रोला आणखी दोन. मराठी वाचकाला हे समजवायला नको. दोन पिंपळगावकर भेटले म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत, आधी कोणतं पिंपळगाव ते विचारावं लागतं. शिवाय जुन्या काळी माणूस शेत सोडून दुसऱ्या शेतावर गेला की त्याचं नावही बदलू शकत असे. म्हणजे एका शेताचे दोन इस्बिस्टरही रक्ताचे असतीलच असं नाही. अशिलाच्या मामाने वाय-डीएनए चाचणी (बापाकडून मुलाकडे जाणारा वारसा तपासणारी) केली होती. दुसऱ्या एका इस्बिस्टरशी ती जुळली नाही, तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली की मध्ये कुठेतरी भानगड आहे. भानगड नाही हो, शेतं वेगळी आहेत.

शेटलंडचा हिशोब आणखी निराळा. तिथे एकोणिसाव्या शतकातही बापाच्या नावावरून आडनाव चालायचं: मॅग्नसचा मुलगा मॅग्नसन, मुलगी मॅग्नसडॉटर. दर पिढीला आडनाव बदलतं, त्यामुळे तिथल्या इस्बिस्टरला (तिकडे 'इस्बेस्टर' लिहिलेलं जास्त आढळतं) मागे नेताना दोन-तीन पिढ्यांतच हातातून धागा सुटतो. ऑर्कनीत शेतावरून आलेली आडनावं, लिंकलेटर, फूबिस्टर, क्लाउस्टन, बरीच आधी पक्की झाली होती. म्हणून धागा लांब जातो, पण एकाच जागी गुंतत जातो.

गुंता होतो तो नावं ठेवण्याच्या रीतीमुळे. पहिला मुलगा बापाच्या बापाचं नाव घेतो, दुसरा आईच्या बापाचं, तिसरा बापाचं. मुलींचं तसंच, पण आईच्या आईपासून. नातवाला आजोबांचं नाव ही आपल्याकडचीच सवय. आता एका आजोबाला चार मुलगे आहेत असं धरा. चौघांच्याही पहिल्या मुलाचं नाव एकच, आडनाव एकच, पॅरिश एकच, वयात दोन-चार वर्षांचं अंतर. दुर्मिळ आडनावात गोंधळ कमी होईल असं ज्याला वाटतं, त्याने ही बेरीज एकदा करून पाहावी.

कॅनडात गेलेला पूर्वज हडसन बे कंपनी या फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीचा नोकर. १६७० ची सनद असलेली ही कंपनी माणसं भरायची ती मुख्यतः ऑर्कनीतून. अटलांटिक ओलांडण्याआधी जहाजांचा शेवटचा थांबा स्ट्रॉमनेस, तिथल्याच लॉगिनच्या विहिरीवर पाणी भरायचं, तिथेच करारावर अंगठे घ्यायचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीची बहुतेक माणसं ऑर्कनीची होती. म्हणून आज या आडनावाचा नकाशा काढला तर एक ठिपका ऑर्कनीत दिसतो आणि दुसरा मॅनिटोबा-सस्कॅचवानमध्ये, कारण बरेच जण तिथल्या आदिवासी क्री जमातीतल्या बायका करून तिथेच राहिले. अलेक्झांडर केनेडी इस्बिस्टर, जन्म १८२२, कंपनीच्या कंबरलँड हाउस ठाण्यातला, ऑर्कनीचा बाप आणि आईकडून क्री रक्त. लंडनला शिक्षक झाला आणि मरताना पैसा व ग्रंथ मॅनिटोबा विद्यापीठाला देऊन गेला. जेम्स इस्बिस्टर आज जिथे प्रिन्स अल्बर्ट शहर आहे तिथे १८६२ ला वस्ती करून राहिला आणि १८८४ मध्ये मेटी (मिश्र वंशाच्या) लोकांचा नेता लुई रिएल याला परत आणायला माँटानात गेलेल्या चौघांत होता. प्रत्येक कॅनडियन इस्बिस्टरला या दोघांपैकी एक आपला हवा असतो. माझ्या अशिलालाही हवा होता.

कंपनीची दप्तरं विनिपेगला आहेत, आणि ती वाचणं हे एक सुख आहे: नाव, पॅरिश, काम, पगार. फक्त दोन गोष्टी माहीत हव्यात. कंपनीचं वर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मेला संपतं, त्यामुळे १८२१ ची नोंद १८२२ च्या मे महिन्यातली असू शकते. आणि 'पॅरिश'च्या रकान्यात कारकुनाने कानावर पडेल ते लिहिलेलं असतं. 'सेंट अँड्र्यूज' वाचून लोक थेट फाइफच्या विद्यापीठाच्या गावी पोहोचतात, ऑर्कनीत त्या नावाचं पॅरिश आहे हे त्यांच्या गावीही नसतं. 'सँडविक' ऑर्कनीतही आहे आणि शेटलंडमध्येही. 'मेनलँड' म्हणजे ऑर्कनीतलं सर्वात मोठं बेट, ब्रिटनची मुख्य भूमी नव्हे. आमच्या माणसापुढे तर नुसतं 'ऑर्कनी' होतं.

कुटुंबाची कहाणी बर्सीची. इंटरनेटवरच्या तीसेक वंशवृक्षांत तो बर्सीला १७९१ साली बाप्तिस्मा झालेला मुलगा म्हणून डकवलेला होता. तीसजण सांगतात म्हणजे खरं असणार, हे अशिलाचं म्हणणं. एकाने लिहिलं आणि एकोणतीस जणांनी उचललं, हे माझं.

बाप्तिस्म्याच्या नोंदींत त्या नावाचे, योग्य वयाचे चौघे सापडले. शोधताना पहिली अडचण अक्षराची. जुन्या हस्ताक्षरात कॅपिटल आय आणि जे एकच. सूचीकाराने 'जे' असं अक्षर वाचलं की इस्बिस्टर गायब. साउंडेक्स, म्हणजे सारख्या उच्चाराची नावं एकत्र शोधण्याची पद्धत, इथे कामाचं नाही, कारण ते पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवून पुढच्या व्यंजनांचे आकडे करतं: आय २१२, जे २१२, टी २१२ हे त्याच्या लेखी तीन वेगळे लोक. म्हणून पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, मग एस, बी, पुढे स्वरांच्या जागी तारे, शेवटी आर. हे एवढं न केल्यामुळेच त्या तीस वृक्षांची वाट लागली होती.

कारण चौघांतला पहिला, बर्सीचा माणूस तिथेच होता, 'जे' अक्षराखाली. स्कॉटलंडमध्ये जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली, आणि पहिल्या वर्षीचे फॉर्म कुणी हावऱ्या माणसाने आखले असावेत. मृत्यूच्या नोंदीत वय, जन्मस्थान, या भागात किती वर्षं राहिला, आईबापांची नावं आणि बापाचा धंदा, लग्न कुणाशी, मुलं जन्माच्या क्रमाने वयासकट, कोणतं मूल कधी वारलं, आजार किती दिवस, कोणत्या कबरस्तानात पुरलं. निबंधक इतके वैतागले की १८५६ मध्ये बरेच रकाने गेले. त्या एका वर्षात मेलेला पूर्वज म्हणजे आम्हाला लॉटरी. हा माणूस त्या वर्षीच्या शरद ऋतूत वारला होता. वय चौसष्ट, जन्म बर्सी, 'या भागात वास्तव्य' रकान्यात जन्मापासून. आईबाप बाप्तिस्म्याच्या नोंदीतलेच. सहा मुलं, त्यातली दोन आधीच गेलेली. खाली माहिती देणाऱ्या मुलाची सही, कापऱ्या हाताची. कंपनीच्या वहीत ज्या वर्षांत आमचा माणूस कॅनडातल्या यॉर्क फॅक्टरी या कंपनीच्या ठाण्यात पगार घेत होता, त्याच वर्षांत इकडे याची मुलं जन्मत होती. तीस झाडं एका कागदाने आडवी झाली. त्या दिवशी मला फार आनंद झाला हे कबूल करायला हवं. अशिलाने बर्सीतल्या मुक्कामाचं आगाऊ बुकिंग केलंय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसरा आणि तिसरा सरळ गेले. दोघेही १८४१ च्या जनगणनेत ऑर्कनीत होते (तिथे पंधरावरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली आणि जन्म फक्त 'याच काउंटीत, होय-नाही' एवढाच), १८५१ मध्ये पॅरिशसकट होते, आणि दोघांच्या मृत्यूनोंदीत आईची माहेरची नावं जुळली. स्कॉटिश दप्तरं बायकांचं माहेरचं नाव पुसत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

चौथा बाप्तिस्म्यानंतर कुठेच नाही. इथे सहकाऱ्याने फाइल बंद केली असती: उरला तोच. पण १८५५ आधीच्या दफनाच्या नोंदी तिकडे जवळपास नसतातच. तो दुसऱ्या वर्षी देवीने गेला असेल, डेव्हिस सामुद्रधुनीत देवमाशांच्या शिकारीवर बुडाला असेल. दिसत नाही म्हणजे कॅनडात गेला असं होत नाही.

आणि मग मुलांची नावं. कॅनडातल्या रेड रिव्हर वसाहतीच्या नोंदींत आमच्या माणसाच्या पहिल्या मुलाचं नाव चौथ्याच्या बापाचं नाही. ते दुसऱ्याच पॅरिशातल्या एका इस्बिस्टरचं आहे. त्या इस्बिस्टरच्या मुलांच्या बाप्तिस्म्याची यादी काढली, तर रीतीप्रमाणे जो मुलगा असायला हवा होता, आमच्या माणसाच्या नावाचा, तोच त्यात नाही. एका मुलीनंतर साडेतीन वर्षांचं मोकळं अंतर, बाकी सगळीकडे दोन वर्षांचं. ही जागा पडते १७८३ ते १७९४ च्या दरम्यान, जेव्हा पॅरिशच्या वहीत नोंद करायला तीन पेन्स कर द्यावा लागत होता. भिकाऱ्यांना माफी होती. जे भिकारी नव्हते पण तीन पेन्स वाचवायला बघत होते, त्यांची पोरं वहीत आलीच नाहीत.

म्हणजे पाचवा इस्बिस्टर. त्याचा एकही कागद नाही, आणि तरी माझा कौल त्याच्याच बाजूने आहे. अहवालात मी 'संभाव्य' लिहिलं, 'सिद्ध' नाही, आणि चौथ्यालाही खोडलं नाही. अशिलाने फोनवर विचारलं, "मग मी कोणत्या शेतावर उभा राहू?" मी म्हटलं, बर्सीवर नक्की नाही. तो तरी गेला. फाटकाजवळचा फोटो पाठवला, मागे तळं, बायकोच्या गळ्यात त्या दुकानातलं टार्टन.

ऑर्कनीतल्या किर्कवॉलच्या ग्रंथालयातल्या अभिलेखागारात काही पॅरिशांच्या १८२१ च्या जनगणनेच्या याद्या शिल्लक आहेत. पाचव्याच्या म्हाताऱ्या आईबापांच्या घरी तेव्हा कोण कोण राहत होतं ते त्यात मिळू शकतं. कर्क सेशनची, म्हणजे पॅरिशच्या चर्चमंडळाची, इतिवृत्तंही बघायची आहेत: बाप्तिस्मा चुकवणाऱ्यांना धर्मवृद्ध कधीकधी बोलावून घेत. या तासांचं बिल अशिलाला लावायचं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.