उलांडी खंयच्या अंगाक?

"मासे बघूक इमानान जातंस?" आजोबांनी एवढंच विचारलं आणि जाळं तुणायला घेतलं.

त्यांचं चुकत नव्हतं. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर आमचं घर. पुढच्या दारातून पाऊल टाकलं की वाळू, वाळूत रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची) पात, म्हणजे होडी, ओढून ठेवलेली, समोर सिंधुदुर्ग किल्ला. अशा घरातल्या मुलीने मत्स्यशास्त्र शिकायला रत्नागिरीला जायचं, आणि तिथून पुन्हा मासळीबाजारच बघायला श्रीलंकेला! पण वर्गातली २२ जणं निघाली होती, बाबांनी कसेबसे पैसे जमवले होते आणि घरातला पहिला पासपोर्ट माझ्या नावावर होता. तो आल्या आल्या आईने देवापुढे ठेवून त्याला पिंजर लावली. कोलंबोच्या विमानतळावर अधिकाऱ्याने तो लाल डाग बोटाने पुसून बघितला, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

प्रवासाचं फार सांगत नाही. रात्रीची कोकणकन्या, ठाण्याला उतरून विमानतळ, मग साधारण अडीच तासांचं उड्डाण. श्रीलंकेचं घड्याळ आपल्याच वेळेवर चालतं, त्यामुळे "परदेशात गेल्यावर वेळ बदलायची" म्हणून हातात घड्याळ घालून आलेल्या दोघीतिघी थोड्या हिरमुसल्या.

विमानतळ कोलंबोचा म्हणतात, पण तो आहे नेगोंबोच्या जवळ. म्हणून मुक्कामही नेगोंबोलाच. सहलवाल्यांनी छापून दिलेल्या कागदावर दुसऱ्या दिवशी पहाटे "मासळी लिलाव" असं होतं. पावणेपाचला उठून, आंघोळीवाचून, आम्ही 'लेल्लमा'पाशी पोचलो. नेगोंबोच्या मोठ्या मासळीबाजाराला तिथे लेल्लमा म्हणतात. बाजार रिकामा. धुतलेली फरशी, चार कुत्रे, आणि ओळीने बांधून ठेवलेल्या होड्या. तो रविवार होता. नेगोंबोचे मच्छीमार बहुतेक कॅथलिक, रविवारी समुद्रात जात नाहीत. हे कागद छापणाऱ्याला माहीत नव्हतं. आमच्या सरांना विचारायचं सुचलं नाही, आणि मला सुचायला हवं होतं, कारण रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातले ओळखीचे कितीतरी नौकावाले शुक्रवारी नौका काढत नाहीत हे मी चार वर्षं बघतेय. सर चिडले होते, मुलं जांभया देत होती. चर्चच्या घंटा सुरू झाल्या आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली माणसं, हातात मुलं धरून, आमच्या शेजारून जाऊ लागली. आमच्या पायांत गमबूट आणि हातांत वह्या.

त्या फुकट गेलेल्या सकाळीच मला ती होडी दिसली. खाडीच्या कडेला, उपडी नाही, सरळ उभी. अंग इतकं अरुंद की आत माणूस आडवा बसूच शकणार नाही. दोन वाकवलेले वासे एका बाजूला बाहेर काढलेले आणि त्यांच्या टोकांना पाण्यावर तरंगणारा ओंडका. मी ओरडलेच, "उलांडी!" सगळे वळून बघायला लागले. आमच्या वर्गात कोल्हापूरची, लातूरची, नागपूरची मुलं आहेत, त्यांना उलांडी काय ठाऊक. होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात ती, माझ्या आजोबांच्या होडीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची होती, असं सांगितलं. श्रीलंकेत या होडीला 'ओरुवा' म्हणतात. जुन्या ओरुवांत खिळा नसायचा, फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. आता बऱ्याचशा फायबरच्या झाल्यात, पण उलांडी तशीच आहे.

सोमवारी पहाटे बाजार भरला होता. मिरकरवाडा ज्याने पाहिलाय त्याला वेगळं काय सांगू? तोच ओला काळोख, तेच दिवे, तोच पायाखालचा चिकट चिखल, लिलाव पुकारणाऱ्याचा तोच घसा. नाकाला रुमाल लावलेले माझे वर्गमित्रही तेच. पहिल्या वर्षी हॉस्टेलवर मी सुकटीचा डबा आणला होता तेव्हा खोलीतल्या मुलीने वॉर्डनकडे तक्रार केली होती. त्यानंतर मी डबा आणला नाही. तीच मुलगी आता माझी ओढणी धरून मागून चालत होती आणि विचारत होती, "हे काय? हे काय?"

एक बाई जमिनीवर बसून मासे कापत होती. विळी नव्हे, लांब सुरा आणि लाकडाचा ठोकळा. मी एकेक माशावर बोट ठेवायचं, ती नाव सांगायची. आमची सुंगटं, म्हणजे कोळंबी, तिथे 'इस्सो'. बांगडा म्हणजे 'कुंबळावा'. इसवण, म्हणजे सुरमई, तिथे 'तोरा', किलोला २,८०० रुपये. ऐकून आधी छातीत धस्स झालं, मग आठवलं की आपल्या एका रुपयाला तेव्हा तिथले साडेतीनच्या आसपास मिळत होते. मग तिने एक खरखरीत राखाडी शेपटी उचलली आणि म्हणाली, "मोरा."

"मोरी?" मी म्हटलं.

"मोरा," तिने दुरुस्त केलं.

आम्ही दोघी हसायलाच लागलो. आमच्याकडे बाळंतिणीला जिचं सार देतात ती मोरी, म्हणजे मुशी. सिंहली ही आपल्या भाषांच्याच कुळातली. 'एक'ला एकच म्हणतात आणि 'गाव'ला गम. पण हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि शार्कची शेपटी हातात धरून ऐकणं वेगळं.

बाजाराच्या मागे वाळूवर काथ्याच्या चटयांवर फाडलेले, खारवलेले मासे उन्हात पसरलेले. मॅडमनी लगेच प्रश्न टाकला, "यात चूक काय?" आम्ही पाठ असलेलं उत्तर दिलं: जमिनीवर सुकवू नये, वाळू लागते, माश्या बसतात, उंच माच हवेत. बरोबर. पण मी दांडीची. आमच्या दारातही आई असंच सुकवते, हे त्या उत्तरात मी घातलं नाही.

त्या संध्याकाळी जे ऐकलं ते मात्र वहीत चार पानं लिहिलं. नेगोंबोची खाडी जिथे समुद्राला मिळते त्या तोंडाशी रात्री ओहोटीच्या वेळी खांब रोवून जाळी लावतात. आत वाढलेली सुंगटं ओहोटीबरोबर बाहेर निघतात आणि त्यात येतात. आपली डोल जाळी जशी पाण्याच्या ओढीवर काम करते, तसंच. 'कट्टुदेल' म्हणतात त्याला. जागा मोजक्या, घरं अनेक. म्हणून चार मच्छीमार संस्थांनी रात्री वाटून घेतल्यात आणि आपल्या रात्री कोणी कुठली जागा घ्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात. चांगली जागा लागली तर नशीब, नाही तर पुढच्या वेळी. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललंय. आमच्या समुद्रात मोठी पर्ससीन जाळी टाकणारे यांत्रिक बोटवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यात काय काय झालंय ते मी घरात बसून ऐकलंय, बाबा अशाच एका रात्री घरी उशिरा आले होते तेही आठवतंय. मी त्या संस्थेच्या म्हाताऱ्या माणसाला दुभाष्याकरवी विचारलं, "भांडणं होत नाहीत?" तो म्हणाला, होतात की. मग हसला.

बाकीचे दिवस भराभर गेले. कोलंबोच्या संग्रहालयात कँडीच्या राजाचं सिंहासन बघितलं. १८१५ साली इंग्रजांनी त्या राजाला पकडून वेल्लोरला पाठवलं, तो तिकडेच वारला. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं होतं, १९१६ साली तो तिथेच गेला. इंग्रजांची ही राजे इकडून तिकडे हलवायची सवयच दिसते. गॅलेला जाताना आगगाडी अगदी समुद्राला खेटून धावते. पेरालिया गावाजवळ सगळे गप्प झाले. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीने इथेच भरलेली गाडी उधळून लावली, हजाराहून अधिक माणसं गेली. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. खिडकीतून समुद्र दिसत होता, दांडीच्या समुद्रासारखा, घराच्या इतकाच जवळ.

कोग्गलला खांबांवर बसून गळ टाकणारे मच्छीमार दिसले. गळाला मासा लागलेला एकदाही दिसला नाही, फोटोचे पैसे मात्र लगेच मागितले. मी हसणार होते, पण आमच्याकडेही रापण ओढायला आलेले पाहुणे मोबाईल बाहेर काढतातच.

जेवणात 'अंबुल तियल' खाल्लं. कुप्याचे (ट्यूनाचे) तुकडे, मिरी, आणि गोरका नावाचं काळं आंबट. गोरका म्हणजे आमच्या कोकमाचा सख्खा चुलतभाऊ, दोघांची गार्सिनिया ही जातकुळी एकच. ते माशाला काळंकुट्ट, कोरडं, आंबट करतं आणि दोनतीन दिवस टिकवतं. सोलांपेक्षा बरं की नाही यावर मी मत देणार नाही, मला घरी राहायचंय.

घरी आणलं ते 'उंबलकड'. कुपा मासा उकडून, धुरावून, उन्हात वाळवून लाकडासारखा करतात, खोबऱ्याच्या चटणीत कुटून घालतात. आईने तो हातात घेऊन उंबऱ्यावर आपटला. टणत्कार झाला.

"ह्यां लाकूड कित्याक हाडलंस गो?"

पण पाट्यावर वाटून, ओलं खोबरं आणि मिरची घालून तिने चटणी केली आणि दुसरी भाकरी घेतली.

आजोबा फोटो बघत नव्हते. लेल्लमा नको, सिंहासन नको, विमान तर नकोच. मी ओरुवाचा फोटो पुढे धरला तेव्हा चष्मा लावला. बराच वेळ बघून विचारलं, "उलांडी खंयच्या अंगाक?"

मला सांगता आलं. तिथल्या माणसानेच समजावलं होतं. उलांडी नेहमी वाऱ्याच्या अंगाला ठेवतात. दिशा बदलायची झाली तर होडी वळवत नाहीत, शीड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतात आणि जी मागची बाजू होती ती पुढची होते. दोन्ही टोकं सारखीच.

आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"मगे नाळ खंयची?" नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक.

"दोनव."

त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग घराच्या मागे गेले. तिथे माडाखाली त्यांची जुनी होडी झावळांनी झाकून ठेवलेली असते. एक झावळ बाजूला सारल्याचा आवाज आला, मग दुसरी. माझा मोबाईल त्यांच्याकडेच होता.