“रोलर व्हायब्रेशनवर घ्या, काका”

“मॅडम, हे माझ्याच्यानं होणार नाही,” म्हणत रोलरवाले काका खाली उतरले. दोन दिवसांपूर्वी त्यांनीच दाबून चकचकीत केलेला, रस्त्याच्या डांबराखालचा सिमेंट-मातीचा थर. अजून ओलसर, पण टाच आपटली की टणटण वाजणारा. आणि मी सांगत होते की १२ टनी रोलर फुल व्हायब्रेशनवर घ्या आणि याला तडे पाडा.

काकांचं काय चुकलं? आधीच्या टप्प्यात मीही थराला असंच जपलं होतं. माती चिकण, म्हणून धास्तीनं सिमेंट वाढवून घेतलं. सात दिवसांची ताकद २.५ मेगापास्कल पुरली असती; आमचे नमुने ५ च्या वर जाऊन फुटले. लॅबमध्ये सगळे खूश, मी तर जास्तच. डांबर पडलं, पहिली थंडी आली आणि रस्त्यावर आडव्या भेगा उमटल्या. दर पाच-सहा मीटरला एक, दोरी धरून आखल्यासारख्या.

ओव्हरलोड गाड्या, असं सगळ्यांचं लगेच ठरलं. मला पटेना. वजनानं आलेल्या भेगा चाकांच्या पट्ट्यात येतात, पुढे मगरीच्या पाठीसारखं जाळं होतं. या तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ होत्या. म्हणून बरोबर भेगेवरच कोअर, म्हणजे रस्त्यातून आरपार कापलेला गोल नमुना, काढला. हातात घेतला तर उभे दोन तुकडे. डांबरातली भेग जेमतेम एक मिलिमीटर. खालच्या थरात मात्र तीन मिलिमीटरची पाती सैल आत गेली. भेग खालून वर चढली होती.

सिमेंटचा थर सुकताना आखडतो, चिकणमाती त्यात भर घालते, आणि खालची जमीन त्याला सरकू देत नाही. कमी ताकदीचा थर ठिकठिकाणी केसाएवढा चिरतो आणि मोकळा होतो. जास्त ताकदीचा ताणून धरतो आणि मग लांब-लांब अंतरावर एकदाच मोठा फाटतो. फट रुंद झाली की दोन्ही कडा एकमेकींत अडकत नाहीत, चाकाचं वजन पलीकडे पोचत नाही, आणि सगळी ओढाताण वरच्या डांबरावर येते. थोडक्यात, गुन्हा माझ्या डोसचा होता.

या टप्प्यात सिमेंट कमी केलं, पाणीही बेतानं. मध्ये खडीचा थर देता आला असता, भेग तिथेच जिरली असती. पण रस्त्याची उंची ठरलेली, जाडीला जागा नव्हती. राहिला हा उपाय: थर कोवळा असतानाच, दोन-तीन दिवसांत, त्यात बारीक तडे पाडून घ्यायचे. ऑस्ट्रियात १९९० च्या दशकात हे करून पाहिलं गेलं, पुढे टेक्सासमध्ये त्यावर बरंच काम झालं. वाचताना सोपं वाटलं होतं. साइटवर काकांच्या नजरेला नजर देणं अवघड गेलं.

“जबाबदारी माझी. लिहून देते.” लिहूनही दिलं. मग काका चढले. वेग ताशी ३ किलोमीटर, म्हणजे मी शेजारून रमतगमत चालत होते. पायाखालची जमीन बुटातून दातांपर्यंत थरथरत होती. दर पासनंतर, म्हणजे रोलरच्या एका फेरीनंतर, थांबून, वजन टाकून थराचा ताठपणा मोजायचा. सुरुवातीच्या आकड्यात साधारण ४० टक्के घट हवी होती. दोन पासमध्ये निम्मंच काम झालं.

तिसऱ्यानंतर टँकरनं हलकं पाणी मारलं. पृष्ठभाग सुकत गेला आणि ओल धरून बसलेल्या काळ्या बारीक रेघांचं जाळं दिसायला लागलं. काका उकिडवे बसून एका रेघेवरून नख फिरवत होते. नख कुठेच अडकेना.

“हे एवढंच? मला वाटलं, ढेकळं निघतील.”

आकडा हवा तिथे आला होता. काका मात्र पुन्हा रोलरवर चढून बसलेले. “अजून एक मारू का, मॅडम?”

“नको, बास,” म्हटलं आणि टँकरवाल्याला हाक मारली. तो वैतागला होता: फोडलंच आहे, तर आता पाणी कशाला? उरलेलं सिमेंट अजून पाणी मागतंय, ताकद परत भरून यायची आहे, हे त्याला सांगेपर्यंत काकांनी इंजिन बंद केलं होतं.